श्वास मोजणारे स्वामी

प्राणायामाने रक्तात भरपूर ऑक्सिजन भरतो, अशी समजूत आज घरोघरी आहे. धाप लागणारा रुग्णही त्याच आशेने पहाटे उठून जोरजोरात भस्त्रिका करतो आणि पाचव्या मिनिटाला घामाघूम होऊन बसतो. मावळातल्या लोणावळ्यात प्राणायामाला यंत्रांसमोर बसवणाऱ्या माणसाला ही समजूत मान्य नव्हती. तेही आज-काल नव्हे, नव्वद वर्षांपूर्वी!

ते म्हणजे स्वामी कुवलयानंद. मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदा संस्थानातल्या डभोईचा. घरची परिस्थिती बेताची, बुद्धी मात्र तल्लख. १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. बडोद्याच्या कॉलेजात अरविंद घोषांचा प्रभाव पडला, आणि जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांनी शरीर घडवले. म्हणजे हा माणूस योगाकडे वळला तो आखाड्यातून, हे लक्षात ठेवायला हवे. शरीराचे कष्ट आणि लागणारा दम त्याने स्वतः अनुभवला होता.

पुढे अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाच्या कामात काही वर्षे गेली. तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले, पण ती संस्था सरकारी रोषामुळे बंद पडली. त्याआधीच, १९१९ मध्ये, नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींची भेट झाली होती. त्यांच्याकडून क्रिया शिकताना गुण्यांना परिणाम जाणवत होते, पण त्यांची परंपरागत कारणे आधुनिक शरीरशास्त्राशी जुळत नव्हती. दुसरा एखादा शिष्य गप्प बसला असता. गुणे मात्र बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात गेले आणि उड्डियान व नौली करताना पोटात काय घडते ते क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांना दिसले. गुरूच्या शिकवणीची अशी तपासणी करायला त्या काळी धैर्य लागत असणार.

१९२४ च्या दसऱ्याला त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी नियतकालिकही. प्रयोग, आकडे, छायाचित्रे, सगळे त्यात छापले जाई. महात्मा गांधींनी १९२७ मध्ये रक्तदाबासाठी त्यांचा सल्ला घेतला होता.

प्राणायामावरचे त्यांचे काम मुख्यतः १९३० च्या आसपासचे. श्वास रोखल्यावर फुप्फुसातला दाब कसा बदलतो, कार्बन डायऑक्साइड किती बाहेर पडतो, हे त्यांनी मोजले. निष्कर्ष असा, की प्राणायामाचे महत्त्व जादा ऑक्सिजनात शोधणे चूक आहे. त्याचा खरा उपयोग मज्जासंस्थेवर आणि श्वासावरच्या ताब्यावर होतो. वैद्यकाला हे पटण्यासारखेच आहे. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता साध्या श्वासातच जवळपास पूर्ण भरलेली असते. आणखी भरायला जागा कुठे आहे?

याच सुमारास येल विद्यापीठाचे कोवूर बेहनन लोणावळ्यात शिकायला आले. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात उज्जायी करताना शरीर सुमारे २५ टक्के अधिक ऑक्सिजन वापरते, अशी नोंद आहे. वरवर पाहता हे गुरूच्या म्हणण्याविरुद्ध वाटते. पण हा वापर आहे, साठा नव्हे. श्वासाच्या स्नायूंना काम पडले की तेही खातातच. फुप्फुसाच्या जुनाट रुग्णासाठी तर हा मुद्दा कळीचा, कारण त्याचे हे स्नायू आधीच जास्त राबत असतात.

सीओपीडीच्या रुग्णाची अडचण हवा आत घेण्यापेक्षा ती बाहेर सोडण्याची असते. चिंचोळ्या, सैल पडलेल्या श्वासनलिका उच्छ्वासात मिटतात आणि हवा आत अडकते. चालताना, जिना चढताना श्वास जलद झाला की ती आणखी साठते, छाती फुगलेलीच राहते आणि नव्या श्वासाला जागा उरत नाही. म्हणून फुप्फुस-पुनर्वसनात नाकाने श्वास घेऊन, ओठांचा चंबू करून, घेण्याच्या दुप्पट वेळ सावकाश सोडायला शिकवतात. बादली उचलताना, पायरी चढताना श्वास सोडायचा; रोखायचा नाही.

कुवलयानंदांनी पूरक आणि रेचकाचे प्रमाण सांगितले ते १:२ असेच. उज्जायीत घसा किंचित आवळून हवेला हलका अडसर केला जातो, चंबूत तेच काम ओठ करतात. दोन्ही एकच आहेत असे नाही, पण तत्त्व जवळचे आहे. कुंभकाबाबत ते सावध होते, आणि ही सावधगिरी अशा रुग्णांनी विसरू नये. फुप्फुसात हवेचे मोठे फुगे झालेले असतील, किंवा हृदयावर ताण असेल, तर श्वास रोखणे आणि भस्त्रिका-कपालभातीचे जोरकस झटके टाळलेलेच बरे. इनहेलर बंद करून प्राणायाम सुरू करणे तर शुद्ध वेडेपणा.

१९५० मध्ये लोणावळ्यात योग महाविद्यालय उभे राहिले, आणि पुढच्या दशकाच्या सुरुवातीला योग रुग्णालयही. दम्याचे रुग्ण तिथे येऊ लागले. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी गेले. त्यानंतरच्या वर्षी त्यांच्या संस्थेतल्या डॉ. म. वि. भोळे यांनी दम्यावरच्या योगोपचाराचा लेख प्रसिद्ध केला, तो ‘योगमीमांसा’तच.