माई भागो: लढाईनंतरचे आयुष्य

कॅडेट मित्रांनो, आपल्या चंदीगडला लागून असलेल्या मोहालीत मुलींना सैन्यदलात जाण्यासाठी तयार करणारी एक संस्था आहे. तिला माई भागोंचे नाव दिले आहे. माईंच्या शौर्याची गोष्ट इथे लहान मुलांनाही ठाऊक असते. पण ती बहुधा लढाईपाशी संपते. मी मूळचा नांदेडचा. मला पुढचीही सांगायला हवी.

माई भागो अमृतसरजवळच्या झबाल गावच्या. आनंदपूर साहिबचा वेढा लांबला, धान्य संपले, तेव्हा चाळीस शीख गुरू गोविंदसिंगांशी नाते तोडल्याचा कागद, म्हणजे बेदावा, लिहून देऊन घरी परतले. माईंनी त्यांना खडसावले, स्वतः शस्त्र घेतले आणि त्यांना पुन्हा रणात नेले. 1705 मध्ये खिदराना येथील तळ्याकाठी त्यांनी सरहिंदच्या फौजेला रोखले. चाळीसही जण कामी आले. परंपरा सांगते की त्यांत माईंचे पती आणि भाऊही होते. गुरूंनी रणांगणावर अखेरचा श्वास घेणाऱ्या महासिंगांसमोर तो बेदावा फाडून टाकला. ते चाळीस जण 'मुक्ते' ठरले आणि गावाचे नाव मुक्तसर पडले.

जखमी माई मात्र वाचल्या.

सोबती गेले आणि आपण उरलो, हा सल गोळीच्या जखमेपेक्षा जास्त दिवस टिकतो. नोकरीत असताना मी तो जवानांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. निवृत्तीनंतर वर्दी उतरते, पलटण सुटते, आणि एकटेपणात तो सल कधी कधी जिवावर उठतो.

गुरूंनी माईंच्या जखमांची शुश्रूषा केली आणि त्यांना आपल्याजवळ ठेवून घेतले. चारही पुत्र गमावलेल्या गुरूंना दुःख समजावून सांगावे लागत नव्हते. माईंना संगत मिळाली, लंगरची पंगत मिळाली, रोजची प्रार्थना मिळाली आणि काम मिळाले. गुरूंच्या रक्षकांत त्या पुरुषांच्या वेशात राहत. त्यांच्यासोबतच त्या नांदेडला आल्या. तिथे तख्त सचखंड हुजूर साहिबच्या आवारात 'बुंगा माई भागो' आजही आहे.

1708 मध्ये नांदेडलाच गुरूंनी देह ठेवला. माईंचा आधार दुसऱ्यांदा गेला. तरी त्या खचल्या नाहीत. बिदरजवळच्या जनवाड्याला त्यांनी मुक्काम केला आणि नामस्मरणात व लोकांना उपदेश करण्यात म्हातारपण घालवले.

श्रद्धेने माईंची माणसे परत आणून दिली नाहीत. तिने त्यांना एकटे पडू दिले नाही. आपल्या पलटणीतले पंडितजी, ग्रंथीजी, मौलवी साहेब हेच काम करतात. मंदिर परेडनंतर ज्याला बोलायचे असते, त्याचे ते ऐकून घेतात. पण मन फारच अंधारले, तर प्रार्थनेच्या जोडीला डॉक्टरही हवा. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येते.

पालकांनो, घरात माजी सैनिक असतील तर त्यांच्या पदकांबरोबर त्यांची झोप, त्यांचे जेवण यांचीही चौकशी करा. आणि कॅडेट्सनो, सोबत्याला हाक मारणे हे जसे शौर्य, तसेच मदतीसाठी हाक देणे हेही शौर्यच, हे आजपासून ध्यानात ठेवा.