रबरी नळीचा सिद्धान्त

हृदयविकारतज्ज्ञांना हिस हे नाव परिचित असते ते हृदयातील एका तंतुजुडग्यामुळे. ठोक्याची विद्युत्-लहर खालच्या कप्प्यांकडे वाहून नेणारे हे जुडगे १८९३ साली शोधून काढणारे विल्हेल्म हिस हे पुत्र. त्याच नावाच्या पित्याची कीर्ती त्यामुळे काहीशी झाकोळली गेली. वास्तविक थोरल्या हिस यांनी विचारलेला प्रश्न अधिक मूलगामी होता. अंड्यातल्या सपाट, पातळ पापुद्र्यातून नळी, पिशवी, मेंदू अशा वळणदार आकृती घडतात तरी कशा? त्या पापुद्र्याला दुमडणारे बळ कोणते? या प्रश्नापायी त्यांच्या वाट्याला जाहीर उपहास आला.

विल्हेल्म हिस यांचा जन्म ९ जुलै १८३१ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे एका प्रतिष्ठित घराण्यात झाला. वैद्यकाच्या शिक्षणासाठी ते बर्न, बर्लिन, व्युर्त्सबुर्ग अशा विद्यापीठांतून फिरले. बर्लिनमध्ये रॉबर्ट रेमाक यांच्याकडे त्यांना भ्रूणशास्त्राची गोडी लागली. व्युर्त्सबुर्गला फिरखो आणि कोलिकर यांच्या हाताखाली सूक्ष्मदर्शकाचा संस्कार झाला. १८५७ साली, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, ते बाझेलमध्ये शरीररचना आणि शरीरक्रिया या दोन्ही विषयांचे प्राध्यापक झाले. रचना आणि क्रिया यांची फारकत त्यांनी पुढे कधीच मानली नाही, याचे मूळ बहुधा या दुहेरी अध्यापनात असावे. पेशींच्या रसायनाकडे वळण्याचा सल्ला त्यांनी आपला भाचा फ्रीड्रिश मिशर याला दिला. त्याच मिशरने १८६९ साली पेशीकेंद्रातून ‘न्यूक्लीन’ हा पदार्थ वेगळा केला. आज आपण त्याला डीएनए म्हणतो.

हिस यांचे स्वतःचे काम कोंबडीच्या अंड्यावर चालले होते. काही मिलिमीटर लांबीचा, पाण्यासारखा मऊ गर्भ हाताने कापू जावे तर तो फाटे, एखादा काप हरवे, आणि मग आकृतीचा अंदाज कल्पनेनेच बांधावा लागे. ही कल्पनाशक्ती हिस यांना नको होती. त्यांनी स्वतःच्या रचनेचा मायक्रोटोम तयार करून घेतला. त्याने गर्भाचे सारख्या जाडीचे, क्रमवार काप निघू लागले. प्रत्येक काप ठरावीक पटीत मोठा करून रेखाटायचा, मोजायचा आणि मग मेणात पुन्हा उभारायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. त्यांच्या नमुन्यांवरून फ्रायबुर्गच्या आडोल्फ त्सिग्लर यांनी घडविलेल्या मेणाच्या प्रतिकृती पुढे अनेक विद्यापीठांत गेल्या. १८६८ साली कोंबडीच्या गर्भावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या मापांतून त्यांना एक गोष्ट दिसली. गर्भाचा पापुद्रा सर्वत्र सारख्या वेगाने वाढत नाही. एक भाग भराभर वाढतो, शेजारचा मागे राहतो. मग जास्तीचा भाग जाणार कुठे? तो दुमडतो. पाठीवरच्या मज्जापट्टाच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात, सांधतात आणि त्यातून मेंदू व मज्जारज्जूची नलिका तयार होते. हे समजावून देण्यासाठी हिस यांनी अगदी घरगुती वस्तू वापरल्या. उभी चिरलेली रबरी नळी वाकवली की कोवळ्या मेंदूसारखी वळणे तिच्यात कशी उमटतात, पत्राच्या पाकिटाच्या घड्यांसारख्या घड्या गर्भाच्या सीमा कशा आखतात, असे ते दाखवीत. १८७२ साली ते लाइपझिगला प्राध्यापक म्हणून गेले. १८७४ मध्ये एका निसर्गशास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात त्यांनी हे विचार पुस्तकात मांडले.

याच पुस्तकात त्यांनी येना येथील एर्न्स्ट हेकेल यांच्यावर थेट आरोप केला. हेकेल हे डार्विनवादाचे जर्मनीतील सर्वांत लोकप्रिय प्रवक्ते. गर्भ वाढताना पूर्वजांचा इतिहास पुन्हा गिरवतो, हा त्यांचा सिद्धान्त. मात्र १८६८ च्या त्यांच्या पुस्तकात कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे गर्भ म्हणून एकाच ठशाचे चित्र तीनदा छापले होते. बाझेलच्याच रुटिमायर यांनी ते प्रथम उघड केले. हिस यांनी आणखी चित्रांचा हिशेब मांडला. हिस यांचा खरा आक्षेप मात्र चित्रांपलीकडचा होता. मज्जानलिका पूर्वजांना होती म्हणून गर्भात होते, एवढ्याने ती या क्षणी कोणत्या बळाने मिटते याचे उत्तर मिळत नाही. १८७५ साली हेकेल यांनी प्रत्युत्तर दिले आणि रबरी नळीचा सिद्धान्त, पाकिटाचा सिद्धान्त अशी नावे ठेवून हिस यांची यथेच्छ टर उडवली. वाचकवर्ग हेकेल यांचा मोठा होता. ही नावे दीर्घकाळ चिकटून राहिली.

हिस वादात फारसे गुंतून पडले नाहीत. वैद्यांकडून गर्भपातातील मानवी भ्रूण मिळवून त्यांनी १८८० ते १८८५ या काळात मानवी गर्भाच्या रचनेवरील तीन भाग प्रसिद्ध केले. प्रत्येक चेतातंतू हा एकाच पेशीचा वाढलेला फाटा असतो, हेही त्यांनी याच दशकात मांडले. १८९४ मध्ये लाइपझिगच्या योहानिस चर्चपाशी सापडलेला सांगाडा संगीतकार बाख यांचा आहे का, हे ठरविण्याचे काम त्यांच्याकडे आले. सुईला रबराचा छोटा तुकडा लावून त्यांनी अनेक मृतदेहांच्या चेहऱ्यावरील मांसाची जाडी मोजली आणि त्या मापांवर शिल्पकार सेफ्नर यांनी कवटीवर बाख यांचा चेहरा उभारला. १ मे १९०४ रोजी लाइपझिग येथे हिस यांचे निधन झाले.

त्यांचा अमेरिकन शिष्य फ्रँकलिन मॉल याने बाल्टिमोर येथे मानवी भ्रूणांचा मोठा संग्रह उभारला. मॉल यांचे सहकारी वॉरन लुईस यांनी १९४७ साली पितळी पट्ट्या आणि रबरी बंद यांची एक प्रतिकृती केली. पट्ट्या म्हणजे पेशींच्या भिंती; एका बाजूचे रबर ताणले की सारी रांग आपोआप वाकत असे. रबर पुन्हा आले, मात्र एका महत्त्वाच्या दुरुस्तीसह. असमान वाढीने पापुद्रा दुमडतो, हे हिस यांचे उत्तर अपुरे होते. ओढ खुद्द पेशीच्या आतच असते. १९६७ साली बेकर आणि श्रोडर यांना उभयचरांच्या मज्जापट्टातील पेशींच्या माथ्याशी तंतूंचे जुडगे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. पेशीच्या अंतर्गत सांगाड्याचा तो भाग. ॲक्टिनच्या या तंतूंना मायोसिन खेचते, तेव्हा नाडी ओढल्यावर बटव्याचे तोंड आवळावे तसा पेशीचा माथा आक्रसतो; चौकोनी पेशी पाचरीसारखी होते आणि अशा असंख्य पाचरी मिळून पट्टाची नळी होते.

माणसात ही नळी गर्भाच्या चौथ्या आठवड्यातच मिटते, पुष्कळदा आईला दिवस गेल्याची कल्पना येण्यापूर्वी. ती खाली उघडी राहिली तर मूल पाठीच्या कण्यातील दुभंग घेऊन जन्मते. वर उघडी राहिली तर मेंदूची वाढच होत नाही आणि मूल वाचत नाही. असे मूल आधी झालेल्या मातांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड दिल्यास पुनरावृत्तीचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटतो, असे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या पुढाकारातील चाचणीत दिसून आले.