टोपे : टोपीचे की तोफेचे?

नाशिक जिल्ह्यातील येवला हे गाव महाराष्ट्राला मुख्यत्वे पैठणीमुळे ठाऊक आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा याच गावी केली, हीदेखील त्याची ओळख. परंतु अठराशे सत्तावनच्या रणधुमाळीत ज्या एका माणसाच्या पाठलागावर इंग्रजांचे अर्धा डझन सेनानी जवळजवळ दहा महिने फिरत होते, त्याचे मूळ गावही येवलाच, ही गोष्ट तितकीशी बोलली जात नाही. याला एक कारण त्या माणसाच्या नावातच दडलेले आहे. गावावरून आडनाव घेण्याच्या महाराष्ट्रातील रीतीप्रमाणे हे घराणे येवलेकर म्हणून ओळखले जाई. ते आडनाव टिकले असते, तर येवल्याचे नाव जगाच्या इतिहासात आपोआप गेले असते. इतिहासात गेले ते टोपे हे नाव.

रामचंद्र पांडुरंग हे त्यांचे बारशाचे नाव. कुळाचे आडनाव भट, आणि गावावरून येवलेकर. जन्मसाल साधारण १८१४. वडील पांडुरंगराव हे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होते. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि बाजीरावाला वार्षिक आठ लाखांच्या तनख्यावर कानपूरजवळ गंगाकाठी ब्रह्मावर्त, म्हणजे बिठूर येथे पाठवण्यात आले. त्याच्याबरोबर जी आश्रित कुटुंबे उत्तरेस गेली, त्यांत हे येवलेकरांचे कुटुंबही होते. रामचंद्र तेव्हा चार-पाच वर्षांचा असावा. पुढे तो तात्या झाला, तो घरातल्या हाकेने. तात्या हे काही नाव नव्हे. वडीलधाऱ्याला वा लाडक्या मुलाला मारायची ती हाक आहे. म्हणजे ज्या तात्या टोपे या नावाने इंग्रजांनी त्यांना फाशी दिले, त्यातील एकही शब्द त्यांना बारशाच्या दिवशी मिळालेला नव्हता.

मग टोपे आले कोठून? याविषयी दोन कथा सांगितल्या जातात. पहिली अशी की, बाजीरावाने एका कामगिरीवर प्रसन्न होऊन तात्यांना रत्नजडित टोपी बहाल केली. ती ते मोठ्या अभिमानाने घालीत, म्हणून लोक त्यांना टोपे म्हणू लागले. कामगिरी कोणती, हे मात्र सांगणाऱ्यागणिक बदलते. दुसरी कथा तोफेची. तात्यांनी काही काळ तोफखान्यात चाकरी केली, आणि तोप या शब्दावरून टोपे हे नाव पडले, असे ती मानते. उत्तर हिंदुस्थानात आणि इंग्रजी ग्रंथांत ही दुसरी कथा बरीच फिरलेली आहे, आणि पुढे तात्यांनी ज्या कौशल्याने तोफा मिळवल्या व वापरल्या, ते पाहता ती शोभूनही दिसते.

तथापि शब्दांची साक्ष तिच्या विरुद्ध जाते. तुर्की-फारसीतला तोप हा शब्द मराठीत तोफ असा रुळला. पेशवाईच्या कागदपत्रांत तोफ, तोफखाना हीच रूपे येतात. मराठी माणसाने तोफेवरून टोपणनाव ठेवले असते, तर ते टोपे न होता तोफे किंवा तोफखाने झाले असते. त चा ट होण्यास येथे काही कारण नाही. घोटाळा झाला तो रोमन लिपीमुळे. तिच्यात त आणि ट यांना एकच अक्षर. त्यामुळे इंग्रजीतून वाचणाऱ्याला टोपेमध्ये सहज तोप दिसते. हिंदी भाषकांच्या तोंडी तोप हा शब्द रोजचा, तरी त्यांनीही या नावातला ट कायम ठेवला, ही बाबही ध्यानात घेण्याजोगी आहे. आणखी एक गोष्ट : पेशव्यांच्या तोफखान्याची व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या पानसे घराण्याकडे होती, पण त्यांचे आडनाव तोफेवरून कधी बदलले नाही.

टोपीची कथा त्या मानाने शब्दाला जवळची. पण तीही जशीच्या तशी घ्यावी असे नाही. मराठीत आडनावातील अंत्य एकार हा बहुधा आकारान्त वा अकारान्त शब्दापासून येतो. काळा यावरून काळे, लोखंड यावरून लोखंडे. त्या न्यायाने टोपे हे टोपीपेक्षा टोपा किंवा टोप या शब्दांच्या अधिक निकट आहे. टोपा म्हणजे कान झाकणारे शिरोवस्त्र, टोप म्हणजे योद्ध्याचे शिरस्त्राण. स्वयंपाकघरातले मोठे भांडेही टोपच. डोक्यावर काहीतरी आगळे घालणाऱ्याला टोपे म्हणणे मराठी जिभेला सहज सुचावे असे आहे. रत्नजडित टोपी हा भाग मागाहून जडवलेला असू शकेल. आडनावांच्या कथा पुष्कळदा नाव रूढ झाल्यावर रचल्या जातात, आणि त्या रचताना साध्या वस्तूला सोन्याचा मुलामा चढतोच. डोक्यावरच्या वस्तूशी या नावाचे नाते आहे, एवढे मात्र मान्य करण्यास हरकत नाही.

यात एक विलक्षण योगायोग आहे. शिवकाल व पेशवाईतील मराठीत इंग्रज, फिरंगी, वलंदेज या साऱ्यांना मिळून एक शब्द होता, टोपीकर. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही या टोपीकरांपासून सावध राहण्याचा उपदेश आहे. त्या टोपीकरांशी मराठ्यांच्या वतीने जो शेवटचा मोठा झगडा झाला, त्याच्या सेनानीचे नाव टोपे असावे, याची गंमत त्या काळच्या मराठी माणसाला नक्कीच कळली असेल. इंग्रजांनीही हे नाव लिहिताना आपल्या उन्हाळी टोपीचेच स्पेलिंग वापरले. तात्याचे त्यांनी तांतिया केले. पुढे तीस वर्षांनी निमाडच्या तंट्या भिल्लाचे नावही त्याच साच्यात बसवले गेले आणि १८८९ मध्ये त्यालाही फाशी झाली. दोघांची गल्लत करणारे वाचक आजही भेटतात.

बिठूरला तात्या वाढले ते नानासाहेबांच्या सहवासात. १८५१ च्या जानेवारीत बाजीराव वारला आणि कंपनी सरकारने त्याच्या दत्तकपुत्राचा, म्हणजे नानासाहेबांचा तनखा नाकारला. त्या अन्यायाची धग बिठूरच्या वाड्यात सहा वर्षे राहिली. जून १८५७ मध्ये कानपूरला उठाव झाला. जुलैत हॅवलॉकने शहर परत घेतले, ऑगस्टमध्ये बिठूर पडले, आणि येथून पुढे तात्यांचे खरे कर्तृत्व सुरू होते. शिंद्यांच्या राज्यात इंग्रजांची म्हणून जी कवायती फौज होती, ती ग्वाल्हेर कंटिंजंट त्यांनी आपल्याकडे वळवली, काल्पीला तळ दिला आणि नोव्हेंबरच्या अखेरीस विंडहॅमचा पराभव करून कानपूर शहर पुन्हा घेतले. ६ डिसेंबरला सर कॉलिन कँपबेलने त्यांना हुसकावले, तरी सैन्याची मोट बांधण्याची त्यांची हातोटी तेव्हाच दिसून आली. झाशीच्या राणीच्या मदतीला धावताना १ एप्रिल १८५८ रोजी बेटवाकाठी ह्यू रोजकडून पराभव. मग कूंच, मग काल्पी, असे पराभवावर पराभव. आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, १ जूनला, ग्वाल्हेरसारखे राज्य हाती! शिंद्यांची फौज फुटून मिळाली आणि जयाजीराव आग्र्याकडे निघून गेले. ग्वाल्हेरच्या गादीपुढे पेशव्यांचा दरबार भरला. तो थाट तीन आठवडेही टिकला नाही. राणी लक्ष्मीबाई रणात पडल्या, ग्वाल्हेर गेले, २२ जूनला जौरा-अलीपूरला नेपियरने उरलेल्या तोफाही घेतल्या.

कोणताही दुसरा सरदार येथे थांबला असता. तात्या मात्र राजपुताना आणि माळव्यात शिरले. टोंक, बुंदी, बनास नदीचा काठ, झालरापाटण, राजगड, सिरोंज. पराभव झाला की फौज विरघळे आणि पुढच्या संस्थानात तितकीच पुन्हा उभी राही. झालरापाटणच्या राण्याकडून तोफा व पैसा मिळाला. रॉबर्ट्‌स, मिशेल, पार्क, सॉमरसेट, स्मिथ असे एकामागून एक सेनानी मागावर होते. पण या सगळ्या भ्रमंतीला एक दिशा होती, आणि ती दक्षिणेची होती. तात्यांच्या बरोबर नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब होते. पेशव्यांच्या नावाचे निशाण एकदा महाराष्ट्राच्या भूमीवर उभे राहिले की दख्खन पेटेल, ही आशा होती. आणि मुंबई सरकारलाही नेमकी तीच धास्ती होती. ती निराधार म्हणता येणार नाही. नाशिक-नगरच्या डोंगरी मुलखात भागोजी नाईकाच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी ऑक्टोबर १८५७ मध्येच नांदूर शिंगोटे येथे लेफ्टनंट हेन्रीला ठार केले होते, आणि भागोजी अजून हाती लागला नव्हता.

ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस तात्यांनी होशंगाबादच्या बाजूला नर्मदा ओलांडली. ज्या नदीच्या पलीकडे पेशव्यांचे आश्रित चाळीस वर्षांपूर्वी गेले, ती त्यांच्यातल्या एकाने फौजेसह उलट दिशेने पार केली. मुलताईपर्यंत ते आले. परंतु नागपूरची वाट बंद होती आणि लोकही उठले नाहीत. पाच वर्षांपूर्वीच खालसा झालेल्या भोसल्यांच्या राज्यातून मदतीचा हात आला नाही, ही या मोहिमेतील सर्वांत कडवट बाब. तात्या पश्चिमेकडे वळले, खरगोणला आले, आणि २३ नोव्हेंबरच्या सुमारास ठिकरीजवळ आग्रा-मुंबई रस्त्यावर उतरले. तारा तोडल्या, गोऱ्यांसाठी माल घेऊन निघालेल्या गाड्या लुटल्या. हाच रस्ता पुढे सेंधवा, धुळे, मालेगाव करीत नाशिकला जातो, आणि मालेगावापासून येवला काही फार लांब नाही. चार वर्षांचे असताना सुटलेल्या गावाच्या इतके जवळ तात्या पुन्हा कधी आले नाहीत. खानदेशची नाकी इंग्रजांनी रोखून धरली होती. राजपूरपाशी सदरलँडने गाठले. तोफा टाकून द्याव्या लागल्या, आणि पुन्हा नर्मदा ओलांडून फौज उत्तरेस गेली. १ डिसेंबरला छोटा उदेपूरचा पराभव, मग बांसवाड्याची जंगले, मग दौसा, आणि २१ जानेवारी १८५९ रोजी सीकरला शेवटचा तडाखा. सैन्य असे उरलेच नाही.

पारोणच्या जंगलात नरवरच्या मानसिंहाचा त्यांनी आसरा घेतला. मानसिंहाने इंग्रजांशी संधान बांधले, आणि ७ एप्रिल १८५९ च्या रात्री झोपेत असताना तात्या पकडले गेले. १० एप्रिलला त्यांचा जबाब नोंदवण्यात आला, आणि नावाच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. त्यात त्यांनी स्वतःचे नाव तात्या टोपे असेच सांगितले आहे. म्हणजे ते केवळ लोकांनी पाडलेले नाव राहिले नव्हते. त्यांनी ते आपले मानले होते. वय सुमारे पंचेचाळीस, दर्जा नानासाहेबांच्या मुसाहिबाचा. तोफखान्यातील चाकरीचा उल्लेख त्या परिचयात नाही. वडिलांचे नाव पांडुरंग, आणि गाव? इंग्रजी प्रतीत ते जोला असे छापले गेले आहे. परगणा पाटोदा, जिल्हा नगर. पाटोदा हे येवल्याजवळचे गाव, आणि नाशिक जिल्हा १८६९ पर्यंत अस्तित्वातच नव्हता. येवला तोवर नगरकडे होते. तेव्हा जोला म्हणजे येवला यात शंका घेण्याचे कारण नाही. ज्या गावाचे नाव एकदा आडनावातून निसटले, ते कागदावरही नीट उतरले नाही.

शिप्रीच्या, म्हणजे आजच्या शिवपुरीच्या, लष्करी न्यायासनापुढे १५ एप्रिलला खटला चालला. आरोप ब्रिटिश सरकारविरुद्ध बंड व युद्ध केल्याचा होता. कानपूरच्या हत्यांचा नव्हता. आपण काल्पीपर्यंत नानासाहेबांच्या आणि नंतर रावसाहेबांच्या आज्ञेने लढलो, युरोपियन स्त्री-पुरुष वा मुलांच्या हत्येत आपला हात नाही, एवढाच त्यांचा बचाव होता. जो कंपनीचा चाकर नाही, ज्याचा धनी पेशवा आहे, तो बंडखोर कसा, हा प्रश्न त्या बचावात अनुस्यूत होता. न्यायासनाने त्याची दखल घेतली नाही. १८ एप्रिलला संध्याकाळी त्यांना फाशी देण्यात आले. रावसाहेबांनाही १८६२ मध्ये तीच शिक्षा झाली. फासावर गेला तो तात्या नव्हेच, अशी समजूत पुढे बरीच वर्षे लोकांत होती. त्याच घराण्यातील पराग टोपे यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथातही तात्यांना लढतानाच मृत्यू आला असे प्रतिपादन आहे. ते साऱ्यांनी स्वीकारलेले नसले, तरी प्रचलित मतापासून वेगळे म्हणून लक्षात घ्यावे लागते.

टोपे हे आडनाव आज महाराष्ट्रात विरळ असले तरी दुर्मीळ नाही. मात्र ते सारे एका कुळाचे नव्हेत. जालन्याच्या राजकारणातील टोपे मराठा समाजातील आहेत. येवल्याचे घराणे देशस्थ ब्राह्मण. मुंबई विद्यापीठाचे एकेकाळचे कुलगुरू, कायदेपंडित त्र्यं. कृ. टोपे हे आणखी एक परिचित नाव. टोपणनावातून आलेली आडनावे अशी ठिकठिकाणी स्वतंत्रपणे उगवतात. त्यामुळे दोन टोपे भेटले की ते भाऊबंद असतीलच असे नाही. तात्यांच्या भावांचा वंश मुख्यतः उत्तरेत राहिला. बिठूरला टोपे कुटुंबाचे वास्तव्य चालू राहिले. भोपाळमध्ये तात्यांच्या नावाची मोठी वसाहत आहे, पण तेथील माणूस रिक्षावाल्याला पत्ता सांगतो तो टी. टी. नगर असा.