काशीबाई कानिटकर

सांगली जिल्ह्यातील अष्टे या गावी इ. स. १८६१ च्या जानेवारी महिन्यात काशीबाईंचा जन्म झाला. त्यांचे माहेरचे आडनाव बापट. घर सुखवस्तू होते. परंतु त्या काळी सुखवस्तू घरातील मुलीलाही अक्षर शिकवीत नसत. मुलगी वाचू लागली तर तिच्या नवऱ्याचे आयुष्य कमी होते, अशी अनेकांची समजूत होती. शिकलेल्या बायकोने वाढलेल्या अन्नात अक्षरांच्या अळ्या होतात, असेही म्हाताऱ्या माणसांकडून ऐकू येई. तेव्हा काशीबाईही इतर मुलींप्रमाणे निरक्षर राहिल्या आणि नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले.

वर गोविंद वासुदेव कानिटकर हे पुण्याचे. वय सोळा. बुद्धी तीव्र, रूप देखणे, इंग्रजी विद्येची आणि काव्याची मोठी आवड. अशा तरुणाला वाटे, की आपली पत्नी सुंदर असावी, शिकलेली असावी, आपण वाचलेल्या गोष्टी तिच्याशी बोलाव्या. समोर उभी राहिली ती सावळ्या वर्णाची, एक अक्षरही न येणारी मुलगी. ती गोविंदरावांच्या मनास आली नाही, आणि आपली नापसंती त्यांनी लपवूनही ठेवली नाही.

सासरी आलेल्या त्या लहान मुलीचा विचार करून पाहा. आईबाप दूर राहिले. दिवस उजाडल्यापासून कामे आहेत, सगळ्यांचा शब्द झेलावयाचा आहे, आणि ज्याच्यासाठी या घरी यावयाचे तो पाहावयासही राजी नाही. पतीने एकदा आपल्याकडे पाहावे, एक शब्द मायेने बोलावा, ही ओढ त्यांच्या मनात घर करून बसली. वर्ण पालटणे कोणाच्याच हाती नसते. वाचावयास शिकणे मात्र आपल्या हाती आहे, असे काशीबाईंनी ठरविले.

हे काम आज वाटते तितके सोपे नव्हते. सुनेच्या हाती पुस्तक दिसले तर घरातील वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खावी लागत. काम टाकून वाचीत बसणे हा आळस, आणि पुरुषासारखे वाचणे हा निर्लज्जपणा! काशीबाई कामातून सवड काढून, कोणाच्या नजरेस न पडता, अक्षर अक्षर जोडीत राहिल्या. हळूहळू ओळ वाचता येऊ लागली, मग पान, मग पुस्तक. गोविंदरावांना हे कळले तेव्हा त्यांचे मन पालटू लागले. ते स्वतः पत्नीला पुस्तके देऊ लागले. पुढे काशीबाईंनी इंग्रजीचाही अभ्यास केला. गोविंदराव न्यायखात्यात न्यायाधीश झाले, कवी म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि मिल या इंग्रज तत्त्ववेत्त्याने स्त्रियांच्या परवशतेवर लिहिलेल्या ग्रंथाचे त्यांनी मराठीत भाषांतर केले. एवढ्याशा मुलीने प्रेमासाठी जणू परीक्षा द्यावी, हे न्यायाचे नव्हते, हे मात्र विसरता येत नाही.

काशीबाईंच्या हाती एकदा पुस्तक आले ते पतीला प्रसन्न करण्यापुरते राहिले नाही. ते त्यांचे स्वतःचे झाले. गोविंदरावांचे स्नेही, प्रसिद्ध कादंबरीकार हरी नारायण आपटे, काशीबाईंपेक्षा तीन वर्षांनी लहान होते. त्यांच्याशी काशीबाईंचा भावाबहिणीसारखा स्नेह जडला. त्या लिहीत, हरिभाऊ वाचीत आणि परखड मत देत. बायकांच्या आयुष्यातील पुरुषांना न दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी हरिभाऊंनाही काशीबाईंकडून कळल्या. ज्या मुलीकडे कोणी पाहत नव्हते, तिचे म्हणणे आता एक मोठा लेखक कान देऊन ऐकत होता.

इ. स. १८८७ मध्ये डॉक्टर आनंदीबाई जोशी पुण्यास वारल्या. वय अवघे एकवीस. आदल्याच वर्षी त्यांनी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी मिळविली होती. काशीबाईंनी आनंदीबाईंचे चरित्र लिहावयास घेतले आणि ते १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. दोघींचीही लग्ने नवव्या वर्षी झाली होती. मात्र एकीने पतीचे मन जिंकण्यासाठी चोरून अक्षरे गिरविली, तर दुसरीला पतीने हट्टाने आणि कठोरपणे शिकविले. आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांच्या शिक्षणाच्या ध्यासाबरोबर त्यांचा तापट स्वभावही काशीबाईंनी झाकून ठेवला नाही. परदेशात एकटी राहून थंडी, आजार आणि घरची आठवण सोसणाऱ्या आनंदीबाईंचे मन जाणण्यास काशीबाईंहून योग्य लेखिका त्या वेळी क्वचितच सापडली असती.

त्यानंतर त्यांनी गोष्टी लिहिल्या, लेख लिहिले. त्यांची ‘रंगराव’ ही कादंबरी १९०३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. १९१८ मध्ये गोविंदराव निवर्तले. काशीबाईंची लेखणी मात्र थांबली नाही.

१९२८ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिची नायिका रेवती. एका मंदबुद्धीच्या संस्थानिकाशी तिचे लग्न लावून देण्यात येते. पतीचे प्रेम तिला लाभणार नाही हे उघड असते. रेवती मात्र रडत बसत नाही. ती राज्याचा कारभार हाती घेते, स्त्रियांना शिकविते, आणि त्या संस्थानात स्त्रिया अधिकाराची कामे चालवू लागतात. पालखीत बसणाऱ्याने धरावयास आत एक रेशमी गोंडा लोंबत असतो. तो फार सुंदर दिसतो. पण पालखी नेईल तिकडे त्याला जावे लागते. श्रीमंत घरच्या सुनेला काशीबाईंनी ही उपमा दिली, आणि आपल्या रेवतीला त्या पालखीतून खाली उतरविले.

काशीबाई १९४८ मध्ये वारल्या, तेव्हा त्यांचे वय सत्त्याऐंशी वर्षांचे होते.