विल्यम जेम्स वानलेस

सर विल्यम जेम्स वानलेस (इ.स. १८६५ - इ.स. १९३३) हे मिरज येथे कार्य केलेले कॅनडात जन्मलेले शल्यविशारद व वैद्यकीय मिशनरी होते. मिरजेचे मिशन रुग्णालय त्यांनी उभारले. पोटाच्या शस्त्रक्रियांबरोबरच मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी हे रुग्णालय दक्षिण महाराष्ट्रात व शेजारच्या प्रदेशांत प्रसिद्धीस आले. सांगली व मिरज या शहरांदरम्यानची वानलेसवाडी ही वस्ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

== प्रारंभिक जीवन ==
वानलेस यांचा जन्म कॅनडातील ओंटारियो प्रांतात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकशास्त्राची पदवी घेतल्यावर १८८९ मध्ये ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे पत्नी मेरी यांच्यासह भारतात आले. मेरी या प्रशिक्षित परिचारिका होत्या. प्रारंभी त्यांनी सांगलीत दवाखाना चालवला आणि नंतर मिरज हे कार्यक्षेत्र निवडले. मिरज हे संस्थानी गाव असले तरी रेल्वेचे जंक्शन होते. पुणे, बेळगाव व कोल्हापूर या तिन्ही बाजूंनी तेथे रुग्णांना येता येत असे. १८९४ मध्ये येथे रुग्णालयाची इमारत सुरू झाली.

== तत्कालीन नेत्रोपचार ==
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रामीण भागात अंधत्वाची कारणे अनेक होती. देवीच्या साथीतून वाचलेल्या मुलांच्या बुबुळावर फूल पडे आणि त्यांची दृष्टी कायमची जाई. खुपऱ्या, कुपोषण व इजा यांमुळेही डोळे गमवावे लागत. संगीतकार विष्णु दिगंबर पलुस्कर यांची दृष्टी बालपणी फटाक्याच्या अपघातात अधू झाली होती. त्यानंतर ते मिरजेला आले आणि तेथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे संगीत शिकले. हा प्रसंग वानलेस भारतात येण्यापूर्वीचा आहे.

या सर्व कारणांत मोतीबिंदू निराळा होता, कारण त्याने गेलेली दृष्टी परत मिळवता येत असे. सुश्रुतसंहितेत वर्णिलेली मोतीबिंदू सारण्याची पद्धत फिरते वैद्य गावोगाव वापरत. या पद्धतीत सुईने अपारदर्शक भिंग बाजूला ढकलत. रुग्णाला तत्काळ दिसू लागे. परंतु भिंग डोळ्यातच राहिल्याने आणि हत्यारे निर्जंतुक नसल्याने पुढे दाह होऊन अनेकांचा डोळा कायमचा जाई. तोवर वैद्य पुढच्या गावी गेलेला असे.

== मिरज येथील कार्य ==
वानलेस यांच्या विद्यार्थिदशेतच नेत्रशल्यचिकित्सेत दोन मोठे बदल झाले होते. जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशक पद्धती रूढ होत होती आणि १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे दाखवून दिले होते. त्यामुळे रुग्ण शुद्धीवर असतानाच भिंग डोळ्याबाहेर काढणे शक्य झाले. शस्त्रक्रियेनंतर रुग्णास डोळ्यांवर पट्टी बांधून अनेक दिवस निश्चल पडून राहावे लागे व पुढे जाड भिंगांचा चष्मा लावावा लागे. कृत्रिम भिंग डोळ्यात बसवण्याची पद्धत हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये, म्हणजे वानलेस यांच्या निधनानंतर, आणली.

लोकांचा विश्वास मिळवण्यात या शस्त्रक्रियेचा वाटा मोठा होता. हात धरून आणलेला माणूस स्वतःच्या पायांनी गावी परतला की त्याचा अनुभव ऐकून त्या गावातील इतर रुग्ण मिरजेची वाट धरत. सधन रुग्णांकडून शुल्क घेऊन गरिबांवर विनामूल्य अथवा अल्प खर्चात उपचार करावेत, असे रुग्णालयाचे धोरण होते. रुग्णालय मिशनचे असल्याने उपचारांसोबत धर्मप्रचारही चाले. वानलेस यांनी हा हेतू कधी लपवला नाही. तथापि उपचार सर्व धर्मांच्या व जातींच्या लोकांना खुले होते.

== शिक्षण व इतर संस्था ==
एकट्या शल्यविशारदाच्या हातून हे काम पुरे होणार नाही, हे ओळखून वानलेस यांनी १८९७ मध्ये मिरजेत भारतीय तरुणांसाठी वैद्यकीय शिक्षणाचे वर्ग सुरू केले. कुष्ठरुग्णांसाठी आश्रम व क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम याही संस्था त्यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिल्या. क्षयरोग आरोग्यधामाचा परिसर म्हणजेच वानलेसवाडी होय. मेरी यांच्या स्मरणार्थ कोल्हापुरातील रुग्णालयास मेरी वानलेस यांचे नाव देण्यात आले.

== सन्मान व अखेरचा काळ ==
१९२८ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सर ही पदवी दिली. त्याच वर्षी, सुमारे ४० वर्षांच्या सेवेनंतर, ते निवृत्त होऊन अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी भारतातील अनुभवांवर पुस्तक लिहिले. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. मिरजेतील रुग्णालयाची धुरा त्यांचे सहकारी डॉ. चार्ल्स व्हेल यांनी सांभाळली. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा या रुग्णालयाचे त्यास साहाय्य झाले.

== मूल्यमापन ==
मिरजेच्या कार्याची मर्यादा अंतराची होती. जो तेथवर पोहोचू शकला, त्यालाच त्याचा लाभ झाला. त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या बीडसारख्या जिल्ह्यात मुख्य गावालाही रेल्वे नव्हती. बैलगाडीचा प्रवास, सोबतीला येणाऱ्या नातलगाची बुडणारी मजुरी आणि म्हातारपणी दृष्टी जायचीच ही समजूत, यांमुळे बऱ्या होऊ शकणाऱ्या अंधत्वासह अनेकांचे आयुष्य सरले. रुग्णाची वाट न पाहता त्याच्या गावाजवळ जाण्याचा मार्ग पुढे नेत्रशिबिरांनी स्वीकारला. १९७६ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, तर बीड जिल्ह्यात अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. शस्त्रक्रियेचे तंत्र आता पूर्णतः पालटले आहे. मात्र गरिबाला खर्चाची चिंता न करता उपचार मिळावा आणि स्थानिक तरुणांनी ते कौशल्य आत्मसात करावे, ही वानलेस यांच्या कार्यातील दोन सूत्रे आजच्या नेत्रसेवेतही कायम आहेत.