हाफकिन आणि त्रेपन्न नंबरची बाटली

१९९४ च्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातील मामला गावात घराघरांत पिसवा झाल्याच्या तक्रारी आल्या. पाठोपाठ ताप आणि जांघेत गाठ असलेले रुग्ण दिसू लागले. आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर लोक घरे सोडून बाहेर राहिले होते आणि साठवलेले धान्य उंदरांना मोकळे मिळाले, असे कारण त्या वेळी पुढे आले. प्लेग हा शब्द पुस्तकातच वाचलेल्या डॉक्टरांना तो प्रत्यक्ष पाहावा लागला. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या आणि कीटकनाशकाची भुकटी यांनी साथ आटोक्यात आली. शंभर वर्षांपूर्वी यातले काहीच हाताशी नव्हते. तेव्हा या रोगाशी झुंजणाऱ्या माणसाचे नाव आज मुंबईत परळच्या एका संस्थेवर आहे. संस्था सर्वांना माहीत आहे, पण तो माणूस फारसा कुणाला ठाऊक नाही.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज युक्रेनमध्ये आहे. तिथल्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. त्यांचे गुरू एली मेचनिकॉफ. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे मेचनिकॉफ यांनी दाखवले आणि त्यासाठी पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ओडेसात ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले तेव्हा तरुण हाफकिन स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्यांमध्ये होते आणि त्यांना तुरुंगवासही घडला. धर्म बदलला असता तर विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली असती. ते त्यांनी केले नाही. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. जिनिव्हात काही काळ काढून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. जागा होती ती ग्रंथालयातली. त्यांनी ती घेतली आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम सुरू केले.

त्या काळी युरोपात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, मोठी भीती होती. हाफकिन यांनी पटकीचा जंतू प्राण्यांच्या शरीरातून पुन्हा पुन्हा नेऊन जहाल केला आणि दुसरीकडे त्याचाच दुबळा प्रकार तयार केला. आधी दुबळा आणि मग जहाल, अशी दोन टोचण्यांची लस बनली. १८ जुलै १८९२ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखले, पण काही दिवसांत ते ठीक झाले.

लस खरोखर कामाची आहे की नाही हे जिथे पटकी आहे तिथेच कळणार होते. म्हणून १८९३ मध्ये ते कलकत्त्याला आले. दोन वर्षांत बंगाल, उत्तर हिंदुस्थान आणि आसामच्या चहामळ्यांत फिरून त्यांनी बेचाळीस हजारांहून अधिक लोकांना लस दिली. सक्ती कुठेच केली नाही. मलेरियाने शरीर पोखरले तेव्हा १८९५ मध्ये त्यांना इंग्लंडला परतावे लागले. पुढच्याच वर्षी ते पुन्हा हिंदुस्थानात आले आणि त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला. काही महिन्यांत मुंबईतून माणसांचे लोंढे बाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर रोग पुण्याला व पुढे पसरला. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. घरझडत्या आणि विलगीकरणाच्या जुलमाने पुणे पेटले आणि त्याच वर्षी जूनमध्ये रँडचा वध झाला. सरकारचा डॉक्टर म्हणजे घरात घुसणारा शिपाई, अशी लोकांची समजूत झाली होती. अशा वेळी सुई घेऊन येणाऱ्या परक्या माणसावर विश्वास कोण ठेवणार होते?

हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना अगदी लहानशी जागा आणि मोजकी माणसे मिळाली. प्लेगचा जंतू भरपूर वाढवायचा होता. त्यासाठी त्यांनी मांसाच्या रश्श्याच्या बाटल्यांमध्ये तूप तरंगत ठेवले. तुपाच्या थेंबांना चिकटून जंतूंची वाढ गुहेच्या छताला लोंबणाऱ्या खडकासारखी खाली उतरे. बाटली हलवली की ती गळून पडे आणि नवी वाढ सुरू होई. हिंदू आणि मुसलमान दोघांनाही चालावे म्हणून गाईचे आणि डुकराचे मांस टाळून बोकडाचे वापरले. मग उष्णता देऊन जंतू मारले की लस तयार. तीन महिन्यांत हे काम झाले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. मात्रा मुद्दाम मोठी, १० घन सेंटिमीटर होती.

त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी स्वतःहून पुढे आले त्यांना लस दिली. ज्यांनी घेतली नाही त्यांच्यात आजारी आणि मृत जास्त निघाले. याहून नेटकी कसोटी बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावात १८९८ मध्ये लागली. तिथे प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली आणि निम्म्यांना दिली नाही. घर तेच, उंदीर तेच, अन्न तेच, फरक फक्त लशीचा. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले, न घेतलेल्या ६४ पैकी २६. आज अशी विभागणी करण्याआधी नैतिक समितीची आणि प्रत्येकाची लेखी संमती लागते. पण औषधाची पारख तुलनेनेच करायची हा धडा त्यात होता. आगाखानांनी लोकांसमोर लस घेतली आणि कामासाठी आपला बंगला दिला. रांगा लागू लागल्या. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा उघडली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले.

याच साथीत मुंबईने आणखी एक उपाय पाहिला. प्लेगचा जंतू शोधणारे अलेक्झांडर येरसँ मार्च १८९७ मध्ये इथे आले. त्यांनी घोड्यांना जंतू टोचून त्यांच्या रक्तातला द्रव, म्हणजे सीरम, आणला होता. लस शरीराला स्वतःची प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार करायला शिकवते. सीरममधून ती आयती मिळतात. लशीला वेळ लागतो, पण संरक्षण टिकते. सीरमचा परिणाम लगेच होतो, पण ते लवकर ओसरते. येरसँ यांच्या सीरमने मुंबईत निराशा केली. मात्र आयती प्रतिपिंडे देऊन रोग बरा करण्याची कल्पना मागे पडली नाही.

हाफकिन यांच्यावर संकट आले ते १९०२ मध्ये. पंजाबात लशीची मोठी मोहीम सुरू होती. मागणी भागवण्यासाठी त्यांनी कार्बोलिक आम्ल वगळून फक्त उष्णतेने निर्जंतुक करण्याची पद्धत घेतली होती. ३० ऑक्टोबरला मुलकोवाल गावात १०७ जणांना लस दिली. त्यातल्या १९ जणांना ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतून दिली होती. काही दिवसांत या एकोणीसही जणांना धनुर्वात झाला आणि सगळे दगावले. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झाले नाही.

चौकशी आयोगाने ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. शिवाय परदेशी आणि ज्यू. त्यांच्या बाजूने बोलणारे अधिकारी थोडे होते. त्यांना पदावरून दूर केले गेले आणि १९०४ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला.

कागदपत्रे प्रसिद्ध झाल्यावर वेगळे चित्र दिसले. बाटली मुंबईत भरल्यावर एकेचाळीस दिवसांनी उघडली गेली होती. धनुर्वाताचे जंतू इतके दिवस आत वाढले असते तर उघडताच दुर्गंधी आली असती, पण तशी नोंद नव्हती. विष आधीच साठले असते तर लक्षणे लगेच दिसली असती, पण ती सुमारे आठवड्याने दिसली. आणि उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरण्याऐवजी जंतुनाशकात नुसता बुडवून वापरला गेला. जमिनीची माती हे धनुर्वाताच्या जंतूचे घरच. १९०७ मध्ये मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हा दोष प्रयोगशाळेचा नाही असे मांडले. त्याच वर्षाअखेरीस सरकारने त्यांना निर्दोष ठरवून पुन्हा नोकरी दिली.

पण परळ त्यांना परत मिळाले नाही. कलकत्त्यात मर्यादित काम करत त्यांनी १९१४ पर्यंत दिवस काढले आणि मग निवृत्त होऊन ते फ्रान्सला गेले. लग्न केले नाही. अखेरच्या काळात ते धर्माकडे वळले आणि आपली संपत्ती पूर्व युरोपातील ज्यू पाठशाळांसाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझानला त्यांचे निधन झाले. त्याआधी, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. तोवर तिथून लशीच्या कोट्यवधी मात्रा बाहेर पडल्या होत्या.

येरसँ यांनी आणलेल्या कल्पनेलाही पुढे याच संस्थेत घर मिळाले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष थोडे थोडे घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिपिंडे काढायची, हेच सर्पदंशावरचे औषध. ऊसतोडीच्या फडात किंवा कापसाच्या रानात साप चावलेला माणूस अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात येतो तेव्हा त्याच्या शिरेत जाते ती ही आयती प्रतिपिंडेच.

१९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची प्रतिपिंडे पेशींकडून हवी तितकी बनवून घेण्याची रीत शोधली आणि अशा प्रतिपिंडांसाठी घोड्याची गरज उरली नाही. सेंटोकोर या अमेरिकी बायोटेक कंपनीने इन्फ्लिक्सिमॅब हे प्रतिपिंड तयार केले. क्रोन्स या आतड्याच्या आजारासाठी ते १९९८ मध्ये मंजूर झाले. या आजारात आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. रक्तमिश्रित जुलाब, पोटदुखी आणि वजन घटणे महिनोन्महिने चालते. इन्फ्लिक्सिमॅब दाह वाढवणारे टीएनएफ नावाचे प्रथिन पकडून ठेवते. याच गटातल्या अडालिमुमॅबचे आपल्याकडचे पहिले प्रतिरूप झायडस कंपनीने २०१४ मध्ये आणले. तरी खर्च अजून बऱ्याच घरांना पेलत नाही.

आपल्याकडे इथे एक मोठी अडचण आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स हे दोन्ही दुर्बिणीने तपासतानाही सारखे दिसू शकतात. टीएनएफ रोखले तर शरीरात दडलेला क्षय डोके वर काढतो. म्हणून छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी झाल्याखेरीज हे इंजेक्शन सुरू करू नये. ते चालू असताना जिवंत जंतूंच्या लशी टाळाव्यात. हाफकिन यांच्या प्लेगच्या लशीसारख्या मृत जंतूंच्या लशी मात्र सहसा चालतात.

ही औषधे जिवंत पेशींकडून बनतात आणि २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात. दुकानातून दवाखान्यापर्यंत ती बर्फाच्या डब्यातून न्यावी, पण गोठू देऊ नयेत. प्रत्येक बाटलीवरचा बॅच नंबर रुग्णाच्या कागदावर लिहून घ्यावा. मुलकोवालला कोणाला कोणत्या बाटलीतून लस दिली याची नोंद होती, म्हणूनच एकोणीस मृत्यूंचा माग एकाच बाटलीपर्यंत पोहोचला आणि मोहिमेतल्या बाकीच्या लशीवरचा संशय दूर करता आला.