जॉर्ज सायमन ओहम
जॉर्ज सायमन ओहम (१६ मार्च १७८९, एर्लांगेन – ६ जुलै १८५४, म्युनिक) हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ होते. कुलपे बनवणाऱ्या वडिलांनी त्यांना गणित शिकवले. कोलोन येथे शालेय अध्यापन करीत त्यांनी प्रयोग केले. तापमान स्थिर असता वाहकातील विद्युतधारा विभवांतराशी समानुपाती असते, हा नियम त्यांनी १८२७ मधील ग्रंथात मांडला.

परिणामी रोधाची सूत्रे याच नियमावर आधारलेली आहेत. एकसर जोडणीत रोधांची बेरीज होते, समांतर जोडणीत त्यांच्या व्यस्तांकांची. म्हणून ६ व ३ ओहमचे रोध एकसर जोडल्यास ९, तर समांतर जोडल्यास २ ओहम होतात.

ग्रंथाची जर्मनीत उपेक्षा झाली. ओहम यांनी कोलोनची नोकरीही सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्यांना कोप्ली पदक दिले. म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद मात्र मृत्यूच्या दोनच वर्षे आधी, १८५२ मध्ये मिळाले. १८८१ च्या पॅरिस परिषदेत रोधाच्या एककाला त्यांचे नाव मिळाले.